हिरव्या माणसावर भरवसा ठेवावा का?

आखातातून सुटीवर आलेला माणूस रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यात उतरो की घाटकोपर-जोगेश्वरीच्या चाळीत, दुसऱ्या दिवशी तो एक वाक्य हमखास बोलतो. "तिकडे रस्ते म्हणजे आरसा आणि शिस्त म्हणजे शिस्त. आपल्या लोकांना अक्कलच नाही." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बोलणारे बदलले, जेद्दाहचे कुवेत झाले, कुवेतचे दुबई झाले, वाक्य तेच राहिले. अलीकडे मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांतून अमेरिकेला मुलाकडे सहा महिने राहून आलेले आजी-आजोबाही हेच सांगतात. निदान या एका बाबतीत मोहल्ला आणि सोसायटी यांचे एकमत आहे.

वाक्य खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण ते जिथे थांबते तिथून खरा प्रश्न सुरू होतो. शिस्त माणसात असते की रस्त्यात? एकच माणूस तिथे नियम पाळतो आणि इथे मोडतो, तेव्हा त्याला प्रामाणिक म्हणायचे की नाही?

आमचे खालू शारजात एकोणीस वर्षे पाण्याचा टँकर चालवत होते. आपले लायसन तिकडे चालत नाही. पुन्हा शिकावे लागते, परीक्षा द्यावी लागते. खालू तिसऱ्या खेपेस पास झाले आणि मॅट्रिकपेक्षा ती परीक्षाच ते अभिमानाने सांगतात. अमिरातीत २००८ पासून काळ्या गुणांची पद्धत आहे. गुन्ह्यागणिक गुण साचतात आणि चोवीस झाले की लायसन जप्त होते. खालूंच्या नावावर असा एकही गुण नव्हता. तेच खालू कायमचे परतल्यावर भाच्याची स्कूटर घेऊन पाव आणायला निघतात आणि लाल बहादूर शास्त्री मार्गावरून बिनदिक्कत उलट्या बाजूने जातात. मी विचारले तर म्हणाले, "अगं बेटा, तिथं कॅमेरा बघतो. इथं कोण बघतंय? आणि सरळ बाजूनं गेलो तर पुढच्या सिग्नलवरून वळून यावं लागतं. पाव थंड होतो."

ते हसले, मीही हसले. पण हे उत्तर माझ्या मनातून गेले नाही. एकोणीस वर्षे जी सवय हाडात मुरली असे आपण समजतो, ती विमानतळावरच्या बेल्टवर राहून गेली की काय?

आधी नियम म्हणजे काय ते पाहू. आपण डाव्या बाजूने चालतो, अमिरातीत उजव्या बाजूने चालतात. डावी बाजू पाक आणि उजवी नापाक किंवा उलट, असे रस्त्याच्या बाबतीत काहीही नाही. इंग्रज जिथे राहिले तिथे बहुतेक ठिकाणी डावी बाजू राहिली, इतकेच. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू धरली, पण गोवा शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानामुळे डावीकडेच राहिला. बर्माने १९७० मध्ये बाजू बदलली. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता संपूर्ण देशाची वाहने डावीकडून उजवीकडे नेली. काल जे कर्तव्य होते तो आज गुन्हा झाला आणि कोणाच्या नीतीला धक्का बसला नाही. सामोआने २००९ मध्ये नेमके उलटे केले. उजवीकडून डावीकडे आले, कारण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या जुन्या गाड्या त्यांना स्वस्तात मिळणार होत्या.

म्हणजे बाजूत नीती नाही. नीती आहे ती करारात. ज्याचे तोंड मी पाहिलेले नाही, ज्याची भाषा मला येत नाही, अशा माणसाला मी रोज सकाळी एक वचन देते की मी या बाजूने येईन, तू त्या बाजूने ये. नमाज, पूजा, लग्न, व्यापार, या सगळ्यांत आपण आपल्या माणसांशी बांधलेले असतो. रस्ता ही कदाचित एकच जागा, जिथे आपण रोज हजारो परक्या माणसांवर आपला जीव सोपवतो आणि त्यांचा जीव हातात घेतो. खालूंनी पावासाठी मोडला तो नुसता कायदा नव्हता. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला दिलेला शब्द होता.

आता यावर "आपल्या रक्तातच खोट आहे" असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचे कार्यालय असल्याने जगभरचे राजनैतिक अधिकारी तिथे राहतात. त्यांना गाडी चुकीच्या जागी लावल्याचा दंड वसूल करता येत नसे. रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिग्वेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ ते २००२ या पाच वर्षांचा हिशेब काढला, तेव्हा न भरलेल्या पावत्या दीड लाखांच्या वर निघाल्या. सर्वांत वर होता कुवेत, माणशी सुमारे २४६ पावत्या. स्वीडन, नॉर्वे, जपान शून्यावर. इथवर ऐकून आपण म्हणणार, बघा, संस्कृती! पण त्याच शून्याच्या यादीत ओमान आणि संयुक्त अरब अमिरात आहेत. तेच वाळवंट, तीच अरबी भाषा, तोच धर्म. शेजारी-शेजारी राहणाऱ्यांत एक तळाला आणि एक माथ्याला. पुढे २००२ च्या अखेरीस शहराला थकबाकीदारांच्या गाडीची राजनैतिक नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार मिळाला, आणि असे गुन्हे जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी घटले. ज्यांच्या संस्कृतीला आपण दोष देणार होतो, ते महिनाभरात सुसंस्कृत झाले.

खालूंना ही हकीकत सांगितली तर ते म्हणतील, "मी काय वेगळं बोललो? दंडा पाहिजे." हे उत्तर मला पुरे वाटत नाही. धाकाने नियम पाळणाऱ्याला मी वाईट म्हणत नाही. शाळेतली बरीच शिस्त धाकानेच सुरू होते, हे शिक्षकाने नाकारू नये. पण माणूस फक्त धाकानेच वागतो हेही खरे नाही.

कोकणातल्या अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर उतरणारा थांबतो आणि चढणाऱ्याला वाट देतो. कायद्यातही तसेच आहे, पण तिथे ना हवालदार ना कॅमेरा. ज्याने कायद्याचे पुस्तक उघडलेले नाही असा जीपवालाही हे पाळतो. का? कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे किती कठीण, हे त्याला स्वतःच्या क्लचवरून माहीत असते. आज तो उतरत असतो, उद्या चढणार असतो. समोरच्याची अडचण आपली वाटली की दंडा लागत नाही. हेच आपले लोक, हेच रक्त.

कित्येकदा तर प्रश्न नीतीचाही नसतो, भाषेचा असतो. माझ्या वर्गात मुले उर्दूतून मराठीत येतात तेव्हा पहिला गोंधळ 'खाली' या शब्दाचा होतो. उर्दूत बस खाली असते म्हणजे रिकामी असते. मराठीत बस खाली असेल तर ती वरच्या मजल्यावर नाही एवढाच अर्थ. शब्द तोच, अक्षरे तीच. रस्त्यावरही असेच आहे. इंग्लंडमध्ये समोरच्याने दिवे मिचकावले तर रूढ अर्थ होतो, "तुम्ही आधी जा." आपल्याकडे त्याच दिव्यांचा अर्थ, "मी येतोय, थांबा." एकाचे औदार्य ती दुसऱ्याची धमकी. आपल्या हायवेवर ट्रकवाल्याने उजवा दिवा लावला तर तो वळणार आहे की मागच्याला पुढे जायला सांगतो आहे, हे मागे चालणाऱ्याने अनुभवाने ओळखायचे. परदेशातला शिस्तीचा माणूस तिथे सरळ जाऊन आपटेल, आणि त्यात त्याच्या शिस्तीचा काहीच उपयोग होणार नाही.

हॉर्नचेही तसेच. तिकडे हॉर्न म्हणजे शिवी. आपल्याकडे तो सलाम आहे, चौकशी आहे, "मी डावीकडे आहे हं" अशी सूचना आहे, आणि अर्थात शिवीही आहे. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहून आपण तो मागतही होतो. ते लिहिण्यावर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये बंदी घातली. मुंबई पोलिसांनी त्यापुढे जाऊन काही सिग्नलांना आवाज मोजणारे यंत्र जोडले. हॉर्नचा आवाज पंच्याऐंशी डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. जानेवारी २०२० मध्ये त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. मला ती युक्ती आवडली, पण शिक्षक म्हणून एक गोष्ट खटकली. हॉर्न वाजवणाऱ्याबरोबर गप्प बसलेलाही तिथे अडकत होता. एकाने दंगा केला म्हणून सगळ्या वर्गाला उभे करण्याचा हा प्रकार. बी.एड.ला असताना आम्हाला तो करू नका असे शिकवले होते.

पण नियम कोणी मोडला हे विचारताना नियम पाळणे कोणाला किती महाग पडते, हेही विचारायला हवे. आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांचे वडील बहुतेक रिक्षा चालवतात, टेम्पो चालवतात किंवा हातगाडी लावतात. रिक्षा ही उपनगराचीच चीज. वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे तिला परवानगी नाही. पालकसभेत एका रिक्षावाल्या बापाला मी विचारले, "भाई, तुम्ही उलट्या बाजूने का घालता? आत मुले असतात." तो रागावला नाही. म्हणाला, "टीचर, गाडी माझी नाही. पाळीचे पैसे आधी द्यावे लागतात, मग घरचं. वळायची जागा इतकी लांब ठेवलीय की दिवसात वीस वेळा सरळ जाऊन वळलो तर दोन-तीन सवाऱ्या गेल्या." त्याचे बरोबर होते असे मी म्हणत नाही. ज्याच्या अंगावर तो येतो त्याला हा हिशेब सांगता येणार नाही. पण ज्याने नकाशावर रेघ ओढून वळण्याची जागा तिथे ठेवली, त्याला कोणी कधी काही विचारले का?

पायी चालणाऱ्याचे तर विचारूच नका. पश्चिम द्रुतगती मार्ग असो की पूर्व, अलीकडून पलीकडे जायचे तर पूल चढा. म्हातारी माणसे, गरोदर बाया, पाठीवर दप्तर घेतलेली मुले, सगळ्यांनी चढायचे. कशासाठी? तर जो गाडीत बसलेला आहे त्याला पाय ब्रेकवर ठेवावा लागू नये म्हणून. २००८ मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला, मग उपनगरांत ठिकठिकाणी झाले. त्यांचा फायदा अजिबात नाही असे नाही. पण या बांधकामामागची नीती मला समजत नाही. चालणारा संख्येने जास्त, अंगाने दुबळा, आणि चढायचे त्यानेच.

फुटपाथवर चालावे तर तिथे दुकान. रस्त्याला त्याचा हक्क द्या ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानाचा भाग मानला आहे. पण फुटपाथवर ज्या बाईची पाटी आहे ती माझ्या वर्गातल्या मुलीची आई आहे. हदीस तिला माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. शहरात फेरीवाल्यांना जागा ठरवून द्यावी असा कायदा २०१४ मध्ये झाला, तिला अजून जागा मिळालेली नाही. ती उठली तर फुटपाथ मोकळा होईल आणि तिची मुलगी शाळेतून उठेल. मी रोज तिच्या पाटीला वळसा घालून, रस्त्यावर उतरून शाळेत जाते. हा वळसा मला चालतो. मुलांच्या बाबतीत मात्र भीती वाटते.

आता सर्वांत जड गोष्ट. अपघात झाला की आपण म्हणतो, नशीब, अल्लाची मर्जी. सूरे निसामध्ये चुकून घडलेल्या हत्येलाही दीयत आणि प्रायश्चित्त सांगितले आहे. इरादा नव्हता म्हणून हिशेब संपत नाही. अमिरातीच्या कायद्याने दीयत दोन लाख दिरहम ठरवली. आपल्याकडे कोणी धडक देऊन पळून गेला आणि सापडलाच नाही, तर मेलेल्याच्या घरच्यांना सरकारकडून एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये मिळतात. आधी ते पंचवीस हजार होते. आकडा दोन्हीकडे दोन लाखच. मधे फक्त दिरहम आणि रुपया आहे.

पळून जाणाऱ्याला जास्तीत जास्त दहा वर्षे कैद अशी तरतूद नव्या न्याय संहितेत आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. संहिता जुलैत लागू झाली, पण ते एक पोटकलम तेवढे बाजूला ठेवले गेले. चालकांचे म्हणणे होते, "थांबलो तर जमाव जिवंत ठेवत नाही." हे ऐकून मी खूप विचार केला. पळणारा गुन्हेगार आहे हे नक्की. पण थांबणाऱ्याला मारणारे हात कोणाचे? आपलेच ना? ज्या समाजात चुकीची कबुली दिल्यावर मार मिळतो, तिथे कबुली कमी होते. वर्गात मी हे रोज पाहते. जखमीला उचलणाऱ्याचीही हीच गत होती. पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील या भीतीने लोक बघत उभे राहत. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०१६ मध्ये सांगावे लागले की मदत करणाऱ्याला त्रास देऊ नका. पुढे ते कायद्यातही आले. भलाई करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागावे, यावरून आधी आपली काय अवस्था होती ते कळते.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये एक वेगळाच विचार मान्य केला. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये, तसा रस्ता बांधा. दोष चालवणाऱ्याचाही आणि रस्ता करणाऱ्याचाही. मला यात मोठे शहाणपण दिसते. आपण सगळा भार माणसाच्या अकलेवर टाकतो, आणि मग अक्कल नाही म्हणून रडतो.

हे सगळे मान्य करूनही माझा प्रश्न सुटत नाही, कारण मला उद्या सकाळी पाठ घ्यायचा आहे. पुस्तकात झेब्रा क्रॉसिंगचे चित्र आहे, लाल माणूस आणि हिरवा माणूस आहे. हिरवा दिसला की चाला, असे त्यात लिहिले आहे. तो पाठ जसाच्या तसा शिकवला आणि एखाद्या मुलाने तो खरा मानला, तर ते मूल शाळेबाहेरच्या रस्त्यावर मरू शकते. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणून आम्ही शिक्षक पुस्तक मिटून सांगतो, "हिरवा असला तरी आधी बघा. गाडी थांबली तरी तिच्या मागून मोटरसायकल येते का ते बघा. डाव्या बाजूचा रस्ता असला तरी उजवीकडे आणि डावीकडे दोन्हीकडे बघा, कारण कोणीही कुठूनही येतो." जपानमध्ये पहिलीतली मुले पिवळ्या टोप्या घालून एकटी चालत शाळेत जातात, हात वर करून रस्ता ओलांडतात. आम्ही आमच्या मुलांना सांगतो की हात वर केलात तरी कोणी थांबेल असे धरून चालू नका.

जीव वाचवणे हा पहिला फर्ज, यात शंका नाही. पण त्याबरोबर आम्ही आणखी काय शिकवतो? पुस्तकातला नियम शोभेचा असतो, दिलेले वचन कोणी पाळत नसतो, मोठ्या गाडीचा हक्क मोठा असतो. नऊ वर्षांच्या मुलाला हे रस्त्यावर कळले की ते रस्त्यापुरते राहत नाही. तो परीक्षेच्या नियमाकडे, रांगेकडे, पुढे मतपेटीकडेही याच नजरेने पाहणार. आणि अठराव्या वर्षी त्याच्या हाती स्कूटर आली की, ज्याच्यावर भरवसा ठेवू नको असे मी शिकवले, तो माणूस तोच होणार.

मी यातून जो मार्ग काढला आहे तो पुरेसा आहे असा माझा दावा नाही. मी मुलांना दोन शब्द वेगळे करून शिकवते, हक आणि भरोसा. हिरवा माणूस दिसला तर रस्ता तुझा हक आहे. गाडीवाला आला तर तो तुझा हक मारतो आहे, तू त्याच्या वाटेत आलेला नाहीस. पण हक असला तरी भरोसा ठेवू नकोस, तो अजून कमवायचा आहे. काही मुलांना फरक कळतो. एकाने विचारले, "टीचर, कमवायचा कोणी? आपण का त्यांनी?" मी सांगितले, "आता त्यांनी. तू मोठा झालास की तू."

सुटीच्या वेळी आमच्या फाटकाबाहेर आरएसपीची चार मुले उभी राहतात. निळी टोपी, शिट्टी आणि 'थांबा' लिहिलेली पाटी. बेस्टची बस थांबते, बहुतेक वेळा रिक्षाही थांबतात, कारण आतला माणूस कोणाचा तरी बाप असतो. मोटरसायकली पाटीच्या बाजूने निघून जातात. तेव्हा पाटी धरणारा मुलगा मागच्या लहान मुलांना कोपराने अडवून धरतो, गाडी जाऊ देतो आणि पाटी खाली न करता पुन्हा रस्त्याकडे पाहतो.